छातीत दुखतंय म्हणायचं

"भिंगरी, हलू नकोस."

मालकाने हे सोफ्याच्या उघड्या सांगाड्याआडून सांगितलं आणि भिंगरी नेमका हलला. त्याला हलू नकोस म्हणणं म्हणजे पाण्याला वाहू नकोस म्हणणं. भिंगरीच्या ओठांत बारीक खिळ्यांची रांग, हातात हातोडी, काखेत फोमचा तुकडा. तोंडातून फक्त "म्ह?" एवढंच निघालं.

"खिळा घुसलाय तुझ्या पायात. डाव्या. अरे, माझ्या रेक्झिनवर रक्त सांडतंय!"

रेक्झिन पसरलं की त्यावर अनवाणीच चालायचं, हा कारखान्याचा नियम. भिंगरीने पाय उचलला, तळवा वर केला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीची खालची बाजू तपासावी तसा निरखला. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी खिळ्याचं डोकं चपटं बसलेलं. इतका सरळ खिळा त्या दिवशी त्याच्या हातूनही बसला नव्हता. त्याने पकडीने तो उपसला, ओठांतले खिळे तळहातावर काढले आणि म्हणाला, "डाग पुसून देतो."

"डाग गेला खड्ड्यात. दुखलं नाही तुला?"

"नाही."

"सकाळपासून त्याच्यावर नाचतोयस, आणि दुखलं नाही?"

"तुरुंगात कमावलेलं कातडं आहे, मालक. गेंड्याला लाजवेल."

मालक हसला, पण अर्धवट. "गेंड्यालासुद्धा कळत असेल रे," तो म्हणाला आणि पुसायला चिंधी फेकली.

भिंगरी हे नाव तुरुंगातलं. एका भांडणात त्याने हात उचलला, समोरचा पडला तो उठलाच नाही, आणि त्याची शिक्षा भिंगरीने पुरती भोगली. आत त्याला सोफे-खुर्च्या भरायचं काम शिकवलं, ते जमलं. बसणं मात्र जमलं नाही. बराकीत या भिंतीकडून त्या भिंतीकडे फेऱ्या मारायचा. "याच्या पायाला भिंगरी आहे," कुणीतरी म्हणालं, आणि खरं नाव हजेरीपुरतं उरलं. सुटल्यावरही फेऱ्या सुटल्या नाहीत. ताईच्या घरामागे मोकळं मैदान होतं. तिथेही तो बराकीएवढंच अंतर चालायचा आणि समोर भिंत नसताना गर्रकन वळायचा. खेळणारी पोरं त्याच्या मागोमाग वळून बघायची आणि हसून लोटपोट व्हायची.

ताई त्याची थोरली बहीण. तळमजल्यावरच्या एका खोलीत इस्त्रीचं काम करायची, आणि बोलायचीसुद्धा इस्त्री फिरवल्यासारखी, गरम आणि एका दमात.

"अरे, टेक की जरा! बघून बघून मला घेरी येते."

"बसलो की आत गेल्यासारखं वाटतं, ताई."

यावर तिची इस्त्री एका बाहीवर क्षणभर थबकली. मग ती म्हणाली, "बरं. पण वायर ओलांडू नकोस. इस्त्री पायावर पडली तर माझ्याकडे रडत येशील."

आत असताना रोज सकाळी त्याला एक गोळी मिळायची. शिपाई तळहातावर ठेवायचा. गिळायची, आ करायचा, जीभ उचलून दाखवायची, पुढे सरकायचं. गोळी कशाची, ते शिपायाने सांगितलं नाही आणि भिंगरीने विचारलं नाही. विचारणाऱ्याला तिथे 'शहाणा' म्हणत, आणि ते काही कौतुक नसे. बराकीचं मत असं, की ही डोकं थंड ठेवायची गोळी आहे, कैदी भडकू नयेत म्हणून देतात. सुटताना पट्ट्याबरोबर आणि बंद घड्याळाबरोबर त्या गोळ्यांचं पाकीटही हातात आलं. दाराबाहेरच्या पहिल्या कचरापेटीत त्याने ते टाकून दिलं.

"शिक्षा संपली, गोळी संपली," घरी आल्यावर त्याने छाती फुगवून सांगितलं.

"बरं केलंस," ताई म्हणाली. "उगाच पोटात विष कशाला?"

खिळ्याची जखम मात्र भरायचं नाव घेईना. आधी तिच्याभोवती पांढरट कडा आली. मग बोट सुजलं, कातडी ताणून चकचकीत झाली, आणि एका सकाळी बोटाचं टोक जांभळं दिसलं. नंतर काळं. भिंगरीने एकावर एक दोन मोजे चढवले. मालकाला म्हणाला, थंडी बाधलीय, आणि रेक्झिन पसरलं की कडेने काम करू लागला. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे फार काही नसणार, असं दिवसा वाटायचं. मोजे काढताना वाटायचं नाही.

कारण त्याने माळ्याला पाहिलं होतं. माळी म्हणजे तुरुंगातल्या वाफ्यांना पाणी घालणारा म्हातारा कैदी. बोटाला काहीतरी झालं म्हणून त्याला बाहेरच्या दवाखान्यात नेलं, आणि परत आला तेव्हा गुडघ्याखाली काही नव्हतं. "पायाला हात लावू दिलास की गेलास," बराकीत म्हणायचे. "बोट दाखवलं की मांडी मागतात." आता भिंगरीकडे होतं काय? ताईच्या खोलीतला कोपरा आणि कारखान्यातली उभी जागा. सुटून आलेल्या माणसाला काम मिळायला वर्ष गेलं होतं. सुटून आलेल्या आणि एका पायाच्या माणसाला कोण विचारणार? पाय गेला तर सगळंच गेलं, आणि पाय दाखवला तर पाय जाणार. या दोन वाक्यांमध्ये तो दिवसभर फेऱ्या घालायचा.

शेवटी मोठ्या दवाखान्यात गेला. तिथे कसं बोलायचं ते त्याला पाठ होतं. ते शिकवलं होतं वैद्याने. हा वैद्य म्हणजे शेजारच्या अंथरुणावरचा चोर. औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दवाखान्याच्या वाटा त्याला ठाऊक होत्या.

"नीट ऐक," वैद्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "पोट म्हणालास तर म्हणतील, जास्त गिळलंस. डोकं म्हणालास तर म्हणतील, आमचंही दुखतंय. पाय म्हणालास तर कामचुकार. छाती म्हणायचं. छातीत दुखतंय. छातीला शिपाई टरकतो, उद्या तू मेलास तर कागद त्याला रंगवावे लागतात. छातीने दार उघडतं. एकदा टेबलावर आडवा झालास, की कंपाउंडरच्या कानात खरं दुखणं सोडायचं."

हा मंत्र कधी फसला नव्हता. भिंगरीची अक्कलदाढ छातीच्या जोरावर निघाली होती. एकाचं गळू छातीच्या जोरावर फुटलं होतं.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काय होतंय?"

"छातीत दुखतंय."

आणि काय सांगावं! मुलगी उभी राहिली, कुणीतरी चाकाची खुर्ची आणली, रांगेतले लोक बाजूला झाले. भिंगरी राजासारखा आत गेला. वाह रे वैद्या, त्याच्या मनात आलं, बाहेरही तुझंच राज्य! खुर्चीचं रेक्झिन कोपऱ्यात उसवलंय, हेही त्याने जाता जाता बघून घेतलं.

सिस्टरने मनगटांना चिमटे लावले, छातीवर थंडगार वाट्या चिकटवल्या. "मोजे खाली करा जरा." त्याने मोज्यांचा वरचा काठ तेवढा खाली केला. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. तरुण डॉक्टरबाईंनी ती बघितली.

"शुगर, बीपी काही?"

"नाही."

"रोजची कुठली गोळी चालू आहे?"

"नाही." खोटं नव्हतं. चालू कुठे होती?

"पट्टी छान आहे. पित्त असेल. रक्त तपासायचंय, त्या बाकावर थांबा."

भिंगरी आता कंपाउंडर शोधायला लागला. कुणाच्या कानात सांगायचं? सिस्टर वायरी गुंडाळत होती, तिच्याकडे वाकून तो पुटपुटला, "एक पायाचंपण होतं..."

"पायाचं दुसऱ्या मजल्यावर. सकाळी या, नवा केसपेपर काढा," ती म्हणाली आणि पडदा सरकवला. पडद्यापलीकडे पुढची छाती तयारच होती.

बाक एका अरुंद बोळात होता. बोळाला खिडकी नव्हती आणि टोकाचं दार आपोआप बंद व्हायचं. खट्. उघडायचं, पुन्हा खट्. चौथ्या की पाचव्या 'खट्'ला भिंगरी उठला आणि रक्त न देताच बाहेर पडला.

त्याच आठवड्यात पुन्हा गेला. वाटेत घोकत गेला, पाय म्हणायचं, पाय म्हणायचं, दुसरा मजला. खिडकीशी पोचल्यावर मुलीने मान वर करून विचारलं, काय होतंय, आणि जिभेने सवयीची वाट धरली. पुन्हा खुर्ची. पुन्हा पट्टी. पुन्हा त्याच डॉक्टरबाई.

"काका, तुमची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे. कसली काळजी आहे का?"

"नाही."

"रक्त का नाही दिलंत?"

"घाई होती."

"आज द्या हं."

आजही बाक तोच होता आणि दार तेच.

वास आधी ताईला आला. ती दिवसभर वाफेत उभी असायची. कुठल्या कपड्याला घामाचा, कुठल्याला धुराचा, तिला न बघता कळायचं. हा वास कपड्यांचा नव्हता.

"मोजा काढ."

"कशाला?"

"मी म्हणते म्हणून."

"थंडी वाजते."

"इस्त्रीला खेटून उभा आहेस आणि थंडी वाजते? काढतोस की मी काढू?"

त्याने काढला. आतला मोजा कातडीला चिकटला होता. ताईने इस्त्री उभी करून ठेवली. आरडाओरडा केला नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"कधीपासून?"

"दुखत नाही गं."

"दुखतं का, असं विचारलं मी? कधीपासून?"

"खिळा लागला होता. दवाखान्यात जाऊन आलो दोनदा."

"मग काय म्हणाले?"

"छाती चांगली आहे म्हणाले."

मग त्याने सगळं ओकलं. वैद्य, माळी, बोट आणि मांडी. बोलताना तो फेऱ्या मारत होता आणि फरशीवर दर पावलाला एक ओला ठिपका उमटत होता.

"कापतील, ताई."

"आणि नाही दाखवलास तर? वर जाशील ना पायासकट, अख्खाच्या अख्खा! तिकडे काय बक्षीस ठेवलंय?" तिने चप्पल पायात सरकवली. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच टेबलावर राहिले. तिच्या दुकानात असं कधी होत नसे.

खिडकीतल्या मुलीने भिंगरीला ओळखलं. "पुन्हा? काय होतंय?"

"छातीत..."

"छाती ठणठणीत आहे, बाळ," ताई मधेच म्हणाली. "दोनदा बघून झाली तुमची. याचा पाय बघा."

भिंगरी वळला होताच. ताईने त्याच्या शर्टाची मागची बाजू मुठीत पकडली आणि सगळ्या रांगेसमोर तो शर्ट धरून उभी राहिली. मुलीने मोज्याकडे बघितलं, नाक आक्रसलं आणि फोन उचलला. डॉक्टरबाई स्वतः आल्या. टेबलावर पाय घेतला, बराच वेळ बघितला, आणि खिशातून नायलॉनचा एक जाड तंतू काढला.

"काका, डोळे मिटा. मी याने पायाला टोचते. कळलं की 'लागलं' म्हणायचं."

"लागलं."

"बरं."

"लागलं... लागलं."

खोली शांत झाली.

"लागलं," भिंगरी म्हणाला.

"काका, माझा हात केव्हाचा खाली आहे."

त्याने डोळे उघडले. ताई भिंतीकडे बघत होती.

"मग हो का म्हणालात?"

"आत विचारलं की हो म्हणतात," भिंगरी म्हणाला. "लवकर संपतं."

आत म्हणजे कुठे, ते डॉक्टरबाईंना लगेच कळलं. त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "आत काही गोळी मिळायची?"

"पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या असतात हो. कशासाठी?"

"डोकं थंड ठेवायला. सगळ्यांना नाही द्यायचे. मला आणि माळ्याला."

त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब एका छोट्या यंत्रावर घेतला आणि यंत्र त्याच्याकडे फिरवलं. "हा आकडा याच्या निम्मासुद्धा नको. ही शुगर आहे. डोक्याची नसणार ती गोळी. याचीच असणार. कधी बंद केलीत?"

"सुटलो तेव्हा."

"मीच म्हटलं बरं केलंस," ताई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला होता. "मीच."

"म्हणजे माझं कातडं..." भिंगरीने पायाकडे बोट दाखवलं. "मला वाटलं, जाड झालंय."

"कातडं आहे तसंच आहे. शुगर वाढत राहिली की पायाच्या नसा मरतात. खिळा लागला तर ओरडून सांगायचं काम त्यांचं. तुमचा पाय मुका झालाय, काका. लागतं सगळं. कळत नाही."

भिंगरीने टाचेवर अंगठा दाबून बघितला. मग विचारलं, "गोळी किती दिवस?"

"कायमची."

"म्हणजे जन्मठेप."

हसावं की नाही, डॉक्टरबाईंना कळेना. ताईने त्याच्या खांद्यावर एक चापट मारली.

मग त्यांनी सरळ सांगितलं. बोट मेलेलं आहे, ते काढावं लागणार. वरचा पाय अजून वाचवता येईल, पण आजच दाखल व्हायचं, आणि काही आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही.

"अजिबात?"

"अजिबात."

भिंगरी टेबलावरून उतरला. दारापर्यंत गेला, वळला, आला, पुन्हा गेला. "वॉर्डाचं दार बंद करता?"

"नाही."

"रात्री?"

"रात्रीही नाही."

"मग माणसं पळून जात नाहीत?"

"जातात की. काही पळालेले पुन्हा येतात, तेव्हा बोटाची गोष्ट उरलेली नसते. काका, ही प्रत्येक फेरी त्याच पायावर होतेय."

तो मध्येच थांबला. डावा पाय उचलला आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. डोलायला लागला तसा ताईने खांदा पुढे केला.

"पाय राहील ना?"

"प्रयत्न करू. राहीलच असं मी नाही सांगणार."

इतक्या वर्षांत त्याच्या प्रश्नाला कुणी इतकं धड उत्तर दिलं नव्हतं. त्याने चाकाची खुर्ची हाताने जवळ ओढली आणि बसला.

बोट गेलं. बाकीचं राहणार की नाही, ते अजून ठरायचं होतं. वॉर्डात पहिले दिवस भिंगरीने कसे काढले ते शेजारच्या खाटांना विचारा. पाय उशीवर वर ठेवलेला, आणि बाकीचा माणूस त्या पायाभोवती गरगरतोय. कूस बदल, चादर ओढ, खाटेची कळ फिरव, गादीची उसवलेली शिवण नखाने मोज. "काका, तुम्ही झोपा, नाहीतर मी जागा बदलून घेतो," पलीकडचा पेशंट म्हणाला. दार खरोखर उघडं असायचं. भिंगरी तासन् तास त्या उघड्या दाराकडे बघायचा. बंद दाराशी कसं वागायचं ते त्याला येत होतं. हे नवीन होतं.

ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने एकदा पेन काढलं आणि पायावरच्या लाल भागाभोवती निळी रेघ ओढली. ताईला आरसा आणायला सांगितला होता, तो त्याच्या हातात दिला.

"तळवा यात बघायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लाली या रेघेच्या आत राहिली पाहिजे. बाहेर आली तर ओरडायचं."

"ओरडायचं?"

"हो. मोठ्याने. मला बोलवायचं."

भिंगरीला वाटलं, थट्टा करतेय. पण तिचं तोंड गंभीर होतं.

मग ती दुपार आली. जेवणं आटोपून वॉर्ड पेंगत होता. भिंगरीने आरसा घेतला, तळवा बघितला, मग पायाचा वरचा भाग. टाचेकडच्या बाजूला निळ्या रेघेपलीकडे लालसर जीभ बाहेर आली होती. सकाळी नव्हती. त्याने आरसा उपडा ठेवला. पुन्हा उचलला. होतीच.

डॉक्टरबाई खाटांवरून फेरी मारत येत होत्या. "कसं आहे?" "ठीक." "कसं आहे?" "ठीक." प्रत्येक जण ठीक होता. भिंगरीने चादर पायावर ओढली. बोट दाखवलं की मांडी मागतात. संध्याकाळी बघू. संध्याकाळपर्यंत ओसरेलही. दुखत तर नाहीये. आणि 'दुखत नाही' हे शब्द मनात आले तसा तो दचकला. हा पाय मुका आहे. याचं दुखणं कधीच वर येणार नाही. जे काही सांगायचं ते आता त्यानेच सांगायला हवं.

"कसं आहे, काका?"

"ठीक."

त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. पलीकडचा पेशंट 'ठी' म्हणायला तोंड उघडतच होता.

"ओ बाई!" भिंगरी ओरडला. आवाज फाटला, पण निघाला, आणि एकदा निघाला तो थांबेना. "ओ सिस्टर! ठीक नाही! बाहेर आलीय! रेघेच्या बाहेर आलीय! इकडे या!"

सगळा वॉर्ड खडबडून उठला. कुणाचा तरी पेला पडला. सिस्टर ट्रे घेऊन धावत आली, डॉक्टरबाईंनी चादर बाजूला सारली, दाबून बघितलं. सकाळच्या आणि आत्ताच्या लालीत किती फरक, त्यांनी विचारलं. भिंगरीने नखावर मोजून दाखवलं, एवढी. कुठल्या बाजूने, कधीपासून, आरशात कशी दिसली, सगळं सांगितलं. त्याच दुपारी जखम पुन्हा उघडून साफ केली. आत पू साठला होता. इंजेक्शन बदललं. माळ्याची आठवण काढत भिंगरीने तो अख्खा वेळ खाटेची दांडी घट्ट धरून ठेवली. पण पाय मागे घेतला नाही.

दोन दिवसांनी लाली रेघेच्या आत सरकली. "पाय राहतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. या वेळी प्रयत्न करू असं काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी ताई आली. येताना इस्त्रीच्या वाफेचा वास घेऊनच आली. स्टुलावर बसायच्या आधीच तिने विचारलं, "आहे ना पाय?"

"आहे. आत्ताच बघितला."

"मालक विचारत होता, कधी येतोय म्हणून. बसून शिवायचं काम ठेवलंय म्हणे, बैठकांच्या खोळी. बसशील?"

"बसावंच लागेल."

"बघू हं. अरे, आता काय शोधतोयस? पड की निवांत."

"आरसा कुठे ठेवलास?"

"आत्ताच बघितलास म्हणालास ना!"

"ते मघाशी," भिंगरी म्हणाला. चादर दूर करून तो कमरेत वाकला आणि आरसा पायाखाली धरून पुन्हा बघायला लागला.